न चढलेली मिरवेल

चतुर्थीच्या आदल्या दुपारी सगळं घर जेवून आडवं झालं होतं. तेवढ्यात सासूबाई डोक्यावर वेताचा मोठा हारा घेऊन बागेत आल्या. मी पाटाच्या कडेला अळूची पानं कापत होते. त्यांनी मागेपुढे बघितलं, हारा खाली ठेवला आणि वरचं केळीचं पान बाजूला केलं. आत एक मिरवेल दोरखंडासारखी गुंडाळून ठेवलेली होती. चांगली पुरुषभर लांब, पेरापेराला मुळं सुटलेली, बुडाची माती ओल्या गोणपाटात बांधलेली.

“ती तुझी खणून काढ,” त्या म्हणाल्या, “आणि ही थंय लाव. मी पोफळीक बांधून देतंय. परवा कोण बघूक इला तरी समाजणा नाय.”

मी विळा हातात तसाच धरून उभी राहिले. असलं काही करायला सासूबाई सांगतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. सगळ्या राऊळवाडीत सासूबाईंच्या शब्दाला किंमत होती ती त्या खोटं बोलत नाहीत म्हणून.

आता ‘ती माझी’ म्हणजे काय ते सांगायला हवं. माझं माहेर घाटावरचं, गडहिंग्लजजवळ. वडिलांचा गुळाचा व्यापार. दोडामार्गाकडून सुपारी आणि नारळ घेऊन येणारा एक गोरा, अबोल माणूस दर महिन्याला त्यांच्या पेढीवर चहा प्यायचा. तो वासुदेव राऊळ. वडिलांना माणूस आवडला, मलाही आवडला होता हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि वैशाखात लग्न होऊन मी घाट उतरले. पोफळीची बाग मी तोवर पाहिलेली नव्हती. सरळसोट झाडं, वर आभाळाला टेकलेले झुबके, आणि जवळजवळ प्रत्येक झाडाला गळामिठी मारून चढलेली मिरीची वेल. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं की ही बांडगुळं काढत का नाहीत. ते वाक्य पुढे वर्षभर प्रत्येक पाहुण्याला हसून सांगण्यात आलं.

राऊळांच्या घरात एक रीत होती. नव्या सुनेनं लग्नानंतरच्या आषाढात बागेत एक मिरवेल लावायची. काडी तिनंच निवडायची, तिनंच तोडायची, तिनंच लावायची. कुणी एक शब्द सांगायचा नाही, हात लावायचा नाही. तिसऱ्या गणेशचतुर्थीपर्यंत ती वेल पोफळीला धरून सुनेच्या डोक्याच्या वर गेली, की त्या वेलीची मिरी जन्मभर त्या सुनेची. तिनं ती वाळवावी, विकावी, पैशाचं हवं ते करावं. इथवर ऐकून मला रीत फार आवडली. घाटावर आमच्या आईला स्वतःचं म्हणून एक वाफासुद्धा नव्हता. पण प्रत्येक गोड रीतीला एक कडू शेपूट असतं. वेल धरली नाही, तर ती सून घराला धरणार नाही असं समजायचं. तिनं वेल आपल्या हातानं उपटायची, पदरात घ्यायची आणि माहेरी जायचं. तिला आणायला कुणी जात नसे.

कोकणातल्या पोरींना हे काही कठीण नाही. परकरात असल्यापासून त्या बागेतच वाढतात. मी मात्र उसाच्या मुलखातली. आमच्याकडे बेणं निवडायचं तर सगळ्यात जोमदार, सगळ्यात भरलेल्या उसाचं. तोच न्याय मी इथं लावला. बागेतली सगळ्यात लगडलेली वेल शोधली. मोठ्या आंब्याजवळच्या पोफळीवर एक थोराड वेल होती, सासूबाईंची. तिच्या घोसांनी भरलेल्या आडव्या फांद्यांतल्या चार काड्या मी ऐटीत तोडल्या आणि विहिरीकडच्या पोफळीच्या बुडाशी खोचल्या. लांब उभ्या असलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, माझ्या नऊवारीच्या काष्ट्याला हसल्या.

चारातल्या दोन जगल्या. पानं फुटली, फांद्या फुटल्या. पण वेल झाडाकडे बघेना. मी तिला पोफळीकडे वळवायची, केळीच्या सोपटानं बांधायची, आणि ती चार दिवसांनी मान काढून पुन्हा आपली बाजूला पसरायची. दोन पावसाळे गेले. वेलीचं झालं झुडूप, माझ्या गुडघ्याएवढं. मागाहून कळलं ते असं की, मिरवेलीला दोन जातीचे फुटवे असतात. बुडातून निघून जमिनीवर धावतात ते चढणारे, त्यांना पेरापेराला मुळं. आणि आडव्या जातात त्या फळाच्या. फळाची फांदी लावली तर ती फळ देते, पण मरेपर्यंत चढत नाही. हे बागेतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं आणि रीतीपायी मला कुणी सांगितलं नव्हतं.

इतकं असूनही सगळं हसण्यावारी गेलं असतं, आत्याबाई नसत्या तर. भागीरथी आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या, भावाचा संसार आणि बाग दोन्ही आपल्या पदराला बांधून बसलेल्या. सासरे गेल्यावर तर त्यांच्यावर बोलणारं कुणी उरलंच नाही. वासूसाठी त्यांनी माणगावची एक मुलगी ठरवून ठेवली होती, आपल्या सासरच्या नात्यातली. वासूनं घाटावरची केली, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. त्यात दोन वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती. आधीच उल्हास आणि त्यात फाल्गुन मास! न चढणारी वेल आणि न फळणारी सून, दोन्हींची नावं त्या एकाच दमात घ्यायच्या. वेल तर फळत होती, पण ते कोण बघतो.

त्या वर्षी माणगावची माणसं चतुर्थीला दर्शनाला येणार असं घरात बोललं जाऊ लागलं. दर्शन कसलं ते मला समजत होतं. पंचमीला बायका बागेत जातील, माझी वेल बघितली जाईल, मी ती उपटून घाटाची गाडी धरीन, आणि संध्याकाळी माणगावची माणसं मोकळ्या झालेल्या घरात येऊन बसतील. दुसऱ्या लग्नाला कायद्याची भानगड होती, पण आमच्या गावात कायदा कुडाळपर्यंत यायचा आणि तिथून परत फिरायचा. बायको माहेरी राहते एवढं म्हटलं की पुरे. वासूला मी विहिरीवर गाठून विचारलं. तो म्हणाला की आत्याशी तो बोलेल. मी विचारलं, कधी. तो म्हणाला, चतुर्थी होऊ दे. असा तो होता. मनानं लोणी, आणि लोण्यावर काही उभं राहत नाही.

त्याच दुपारी सासूबाई हारा घेऊन आल्या होत्या.

“आई,” मी म्हटलं, “ही कुठनं आणलीसा?”

“मागच्या मिरगात फणसाच्या खुटाक लावून ठेवलंय. तुझी चढाची नाय ह्या माका पयल्याच दिसाक कळला होता. तू फळाची फांदी लावलंस, बाय. आता बोलत बसू नको, ती सगळी उठतली.”

“पर ही उपटल्याली येल जगंल व्हय?”

“दोन दीस टवटवीत रवली तरी जाला. मगे मेली तर मेली.”

मी त्या वेलीकडे बघितलं. एका माणसानं वर्षभर गुपचूप पाणी घालून माझ्यासाठी वाढवलेली. मला भरून आलं. सासूबाई तोंडानं कधी गोड बोलल्या नव्हत्या. त्यांनी कधी माझ्या पाठीवरून हात फिरवला नव्हता. आणि ह्या बाईनं माझ्यासाठी चोरी केली होती. मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि नजर त्या माझ्या झुडपावर गेली. हिरवंगार, खालपासून वरपर्यंत घोसांनी लगडलेलं. त्याला जरासुद्धा लाज नव्हती. बाकीच्या वेलींची मिरी काढायला शिडी लागते, गडी लागतो. ह्याची मिरी मी माघात पाटावर बसून काढली होती, ओंजळभर. आता ह्याला मी खणून फेकायचं आणि कुणाच्या तरी दोन दिवसांच्या वेलीखाली जन्मभर मान खाली घालून बसायचं? आणि उद्या माझ्या हाताखाली एखादी सून आली म्हणजे तिच्या वेलीला माप लावायला मीच पुढं व्हायचं?

“न्हाई आई,” मी म्हटलं. “मी न्हाई उपटायची.”

“तुका समाजता काय तू काय बोलतंस ता?”

“समजतंय. माझी काडी चुकली. ती मी चुकले. पर ती जगलीया, पीक धरलंय. तिला मारून खोटी येल उभी करायची न्हाई मला. हाकलायचं तर हाकलू देत.”

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, हात उचलतात. त्यांनी केळीचं पान हाऱ्यावर टाकलं आणि हारा उचलला.

“तूच येकटी खरी,” त्या म्हणाल्या. “आणि आमी सगळी लबाड. बरा.”

त्या गेल्या. चतुर्थीचा सगळा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. गणपती आला, मुंबईची माणसं आली, घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मी मोदकांच्या पाऱ्या करत होते आणि सासूबाई माझ्या शेजारीच सारण भरत होत्या, तरी पारी हवी असली की त्या ती काशीकाकूंकडे मागायच्या. काशीकाकू म्हणजे माझ्या चुलतसासू. त्या पारी माझ्याकडून घ्यायच्या आणि सासूबाईंना द्यायच्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. मला मात्र हसू येत नव्हतं. जी एक व्यक्ती माझ्या बाजूला होती, तिलाच मी दुखावलं होतं, आणि ते उगाच केलं असं मला अजिबात वाटत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच पोटात घेऊन मी दिवस काढला.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं काही त्या दिवशी बायका खात नाहीत. म्हणून सकाळी घरातल्या सगळ्या जणी बागेत उतरतात आणि हातानं पिकवलेलं, आपोआप उगवलेलं काय काय खुडतात. अळू, माठ, सुरण, चिबूड. आत्याबाई काठी टेकत पुढे, मागे आम्ही सगळ्या. भाजी खुडून झाली तशी त्या विहिरीकडे वळल्या.  सगळ्या आपोआप मागून गेल्या. मुंबईच्या पोरींना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, त्यासुद्धा गेल्या.

“सगुणा, फुडे ये,” आत्याबाई म्हणाल्या. “पोफळीक पाठ लावून रव उभी.”

मी पोफळीला पाठ लावून उभी राहिले. झुडूप माझ्या गुडघ्याशी. आत्याबाईंनी काठीचं टोक त्याच्या शेंड्यावर ठेवलं, मग माझ्या डोक्यावर. बायका हसल्या. ते हसू मी अजून विसरले नाही. त्यात दुष्टावा नव्हता, सुटका होती. आपण नाही अडकलो, ही अडकली, अशी.

“घाटावरचा बेणा,” आत्याबाई म्हणाल्या. “हयच्या मातीत कसा चढतला? आता रीत माका करची पडतली. तुझ्याच हातान उपट. पदरात घे आणि जा तुझ्या आवशीकडे.”

“मी न्हाई उपटणार,” मी म्हटलं.

ते वाक्य मी रात्रभर मनात घोकून ठेवलं होतं आणि ते बरंच मोठं होतं. ऐन वेळी एवढंच निघालं. पण ते मोठ्यानं निघालं. पुढच्या बागेत नारळ काढणारा गडीसुद्धा थांबून बघू लागला.

आत्याबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. घरातल्या सुनेनं त्यांना नाही म्हणायचा प्रसंग त्यांच्यावर आलेला नसावा.

“काय म्हणालंस?”

“मी चुकीची काडी लावली आत्याबाई. मला ठाऊक नव्हतं, आन् ठाऊक असणाऱ्यांनी सांगितलं न्हाई. ती चढायची न्हाई. पर ती मेली न्हाई, बघा की. दुसऱ्या वर्षापासनं मिरी देतीया. तिला कशाला मारू? आन् म्हायेरला मी दिवाळीला जाईन. चार दिवस ऱ्हाईन आन् परत येईन.”

“तोंड बघा चेडवाचा,” त्या बायकांकडे वळून म्हणाल्या. मग त्यांनी हाक मारली, “द्रौपदे! तुझी सून आयकणा नाय. तू उपट.”

सासूबाई मागे उभ्या होत्या, कमरेवर भाजीची टोपली. त्यांनी टोपली काशीकाकूंच्या हातात दिली आणि पुढे आल्या. परवापासून त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं, आताही बघितलं नाही. त्या माझ्या झुडपाजवळ वाकल्या.  वाटलं, संपलं. त्यांनी एक घोस हातात घेतला, त्यातला एक हिरवा दाणा तोडला आणि दातांखाली चावला. बराच वेळ चावत राहिल्या.

“तिखट आसा,” त्या म्हणाल्या.

“तिखट आसा तर काय तेका हार घालू? उपट म्हणून सांगलंय.”

“वन्सं,” सासूबाई सरळ होत म्हणाल्या, “ती आंब्याकडची माझी येल. तुमी सगळ्यांका दाखवतास ती.”

“मगे? तशी होया येल. तुझी सासू, माझी आवस, सांगायची, द्रौपदीचो हात लक्ष्मीचो.”

“ती माझी न्हय.”

 सासूबाई तिथं थांबल्या नाहीत.

“माझी मेली. येकदा न्हय, तीनदा. माझो बापूस कुंभार्लीत शिंपी, आमची बाग खंय होती? माका तरी खंय ठाऊक होता? तिसऱ्या चवथीच्या आदल्या दुपारी तुमची आवस हाऱ्यात घालून येल घेऊन इली, हातान लायली आणि माका म्हणाली, तोंड उघडू नको. मी उघडूक नाय. लोकांनी हात लक्ष्मीचो म्हटला, मी गप रवलंय. तुमी माझ्या येलीचा माप लावून दुसऱ्या सुनांका रडवलास, तरी मी गप रवलंय.”

“माझ्या आवशीन?” आत्याबाई म्हणाल्या.

“तुमच्या आवशीन. वन्सं, जिची येल धरणा नाय ती घरात रवणा नाय, आसाच ना? मगे मी हीं तीस वर्सा खंय रवलंय?”

 काशीकाकूंनी भाजीची टोपली खाली ठेवली. त्यांचे ओठ हलत होते. त्यांचा चेहरा बघून मी समजले की त्यांच्या वेलीचीही काही कथा असावी. आत्याबाईंनी एकदा मोठ्या आंब्याकडे बघितलं. मग काठी टेकत, कुणाचा हात न धरता, त्या घराकडे निघून गेल्या. त्यांच्या पाठीकडे बघून मला वाईट वाटलं हे खरं, पण फार वेळ नाही.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला मध्येच धरलं.

“पाया काय पडतंस? परवा सांगलेला आयकलं असतंस तर माका ह्या वयात उघडी पडची लागली नसती,” त्या म्हणाल्या. आणि मग, “बरा केलंस.”

पंचमीची भाजी त्या दिवशी फार सुरेख झाली असं मुंबईच्या पोरी म्हणाल्या. आत्याबाई जेवायला आल्या नाहीत, आपल्या खोलीत दार लोटून पडून राहिल्या.

पण माणगावची माणसं कशी थांबणार? येऊ नका असा निरोप त्यांना कुणी दिला नव्हता. दिवेलागणीला ती आली. बाप, त्याचा एक भाऊ, आणि मागे निळं लुगडं नेसलेली, खाली बघणारी ती मुलगी, शालन. मी ओटीवर समई पुसत होते. वासू पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. त्यांना अंगणात बघितल्याबरोबर त्याचा चेहरा असा झाला की त्याला विहिरीत ढकललं असतं तर बरं वाटलं असतं. सासूबाई आतून दाराशी आल्या आणि तिथंच थांबल्या. मी तांब्या भरून घेतला आणि पायरीवर गेले.

“या,” मी म्हटलं. “पाय धुवा.”

बापानं पायावर पाणी घेतलं आणि कौतुकानं विचारलं, “तू गो कोणाची?”

“मी सगुणा. वासुदेव राऊळांची बायकू.”

पाणी घेणारा पाय वरच राहिला. त्यानं आपल्या भावाकडे बघितलं, भावानं तुळशीकडे. मग तो अवघडून म्हणाला की त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं. सून कायमची माहेरी गेली, असा आत्याबाईंचा निरोप होता.

“निरोप काय व्हता ते मला ठाऊक हाय,” मी म्हटलं. “मी गेले न्हाई. तुमचा काय दोष न्हाई त्यात. आला हायसा तर आत या, गणपतीच्या पाया पडा, मोदक खाऊन जावा. पर घरात सुनेची जागा मोकळी न्हाई.”

तेवढ्यात माझ्या हातातला तांब्या कुणीतरी घेतला. वासू.  तो वाकला आणि पाहुण्यांच्या दुसऱ्या पायावर त्यानं स्वतः पाणी घातलं. एवढं मोठं काम त्यानं आयुष्यात केलेलं नव्हतं. शालननं पहिल्यांदा मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अपमान नव्हता. बाजारात नेलेल्या वासराला दावं सोडून परत घराकडे वळवावं, तशी ती मोकळी झाली होती. पुढे पानावर बसल्यावर तिनं अकरा मोदक खाल्ले आणि बापानं डोळे वटारले तरी बारावा घेतला.

पण बाप माणूस व्यवहारी होता. ओटीवर पान खाताना, सगळं शांत झालंय असं बघून, त्यानं सहज बोलल्यासारखं मला विचारलं. त्याचा स्वरही वाईट नव्हता. काळजीनंच विचारलं म्हणायचं.

“आणि बाय, पोर जालाच नाय तर?”

 आत आत्याबाईंच्या खोलीचं लोटलेलं दार किंचित उघडलं, तेही मला दिसलं.

“न्हाई झालं तर न्हाई,” मी म्हटलं. “तरी मी हितंच हाय.”

मूल झालं नाही. मी इथंच आहे.